रंग फुटला म्हणजे जमला

जगातले यच्चयावत रंग गुळगुळीत यावेत म्हणून माणसं जिवाचं रान करतात. हॅमरटोन हा एकच रंग असा, की तो गुळगुळीत आला तर दुकानदाराशी भांडावं लागतं. बारक्या हातोडीनं कुणीतरी दिवसभर बसून लोखंडावर खळगे पाडलेत, असं दिसणं हाच त्याचा दागिना. प्रत्यक्षात हातोडी कुणी उचललेलीच नसते. रंगारी रंग मारून चहाला गेलेला असतो आणि खळगे आपले आपण पडत असतात.

नाव माहीत नसलं तरी हा रंग आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. आयटीआयमधल्या लेथवर, एसटीच्या वर्कशॉपातल्या ड्रिल मशीनवर, ऐंशीच्या दशकात टीव्हीच्या शेजारी बसून गुरगुरणाऱ्या स्टॅबिलायझरवर, आणि लग्नात रुखवताच्या मागे उभ्या केलेल्या लोखंडी कपाटावर. त्याच्या छटाही ठरलेल्या: राखाडी, निळसर राखाडी, हिरवट राखाडी, आणि घरात कुणी फारच रंगेल असेल तर निळा. या रंगाचं कपाट कधी नवं दिसत नाही, त्यामुळे ते जुनंही होत नाही. आमच्या आईच्या कपाटाला गेल्या पन्नास वर्षांत किती पोचे आले, हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. पोचा कुठला आणि रंग कुठला, हे ओळखायची सोयच त्यात ठेवलेली नाही.

हा रंग एका शिलाई मशीनला द्यायचा, असं माझ्या मेहुण्यानं ठरवलं.

मेहुणा पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला. असा माणूस घरी बसला की घरातली उघडण्याजोगी प्रत्येक वस्तू उघडून, साफ करून, पुन्हा बंद करून होते. मिक्सर झाला, गीझर झाला, शेजाऱ्यांचा मिक्सर झाला. त्यानंतर तो एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेला आणि रिक्षातून सिंगर ३१ केचं हेड घेऊन आला. नुसतं हेड. स्टँड नाही, टेबल नाही, मोटर नाही. रिक्षावाल्यानं त्याचं भाडं वेगळं मागितलं.

"शिवणार कोण?" वहिनींनी विचारलं. प्रश्न साधा होता. त्या घरात शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट बोहारणीला जातो.

"शिवायचा प्रश्न कुठे येतो? मशीन आहे ते," मेहुणा म्हणाला.

३१ के म्हणजे टेलर लोकांचं, कारखान्याचं मशीन. सिंगरच्या पुस्तिकेत या जातीच्या मशीनचा वेग मिनिटाला २२०० टाके असा दिलेला असे. आजचं जुकी ५५०० पर्यंत जातं, पण एकही टाका न घालणाऱ्या घराला दोन्ही आकडे सारखेच भरपूर. नंबरातला 'के' म्हणजे किल्बोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना. १९४१ साली जर्मन विमानांनी त्या गावावर बाँब टाकले, तेव्हा कारखान्याचं लाकडाचं कोठार जळालं. कारखाना मात्र पुढं १९८० पर्यंत चालला. तो गेला, त्याचा तो प्रचंड घड्याळाचा मनोरा त्याच्याही आधी गेला, पण गावातल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. ही माहिती मेहुण्यानं येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी दिली. चहा त्यामुळे निवायचा.

शिलाई मशीनची शिफारस खुद्द गांधीजींनी केलेली आहे, हा त्याचा पुढचा मुद्दा. तो खराच आहे. १९२४ साली यंत्रांविषयी एका विद्यार्थ्याशी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. सिंगरनं आपल्या बायकोला हातानं शिवताना दमलेलं पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र काढलं, असं ते म्हणाले. ऐकायला फार गोड. आता आयझॅक सिंगर यांचं चरित्र उघडलं तर अडचण एवढीच येते, की बायको कोणती? हा मूळचा नाटकवाला. संसार त्याचे एकापेक्षा जास्त आणि मुलं दोन डझनांच्या घरात. १८५१ साली त्यानं पेटंट घेतलं ते दुसऱ्याच्या कामात सुधारणा करून, आणि त्यानंतर एलियस हाऊ या गृहस्थाशी त्याचं लॉकस्टिचवरून कोर्टात जे जुंपलं त्यात सिंगरला पैसे मोजावे लागले. वहिनींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बायकोसाठी नव्हतंच तर?" मेहुणा स्क्रू ड्रायव्हर शोधायला आत गेला.

हेडचा रंग खरवडायला घेतला, तेव्हा गंमत सुरू झाली. सगळ्यात वर खिडकीच्या गजांचा हिरवा ऑइलपेंट. त्याखाली चंदेरी, गॅलरीच्या कठड्याला मारून उरलेला असावा. त्याखाली निळा. प्रत्येक मालकानं घरात जे काम चालू होतं त्यातला उरलेला डबा मशीनवर संपवला होता. निळ्या आणि चंदेरी थरांच्या मध्ये हळदकुंकू निघालं. कुणीतरी दसऱ्याला मशीनची पूजा केली आणि पुसायचीही वाट न बघता त्यावर ब्रश फिरवला. सर्वांत खाली क्लाइडबँकचा मूळ काळा, डांबरी खनिजाच्या व्हार्निशचा, भट्टीत भाजून पक्का केलेला. तो कुठं उडालेला, कुठं फुगलेला. सोनेरी अक्षरांचा मागमूस नव्हता.

इथं जाणकारांत दोन पक्ष पडले. जुन्या मशीनचा नाद असलेल्या मंडळींत काळ्याचा एक कडवा पंथ आहे. मशीन काळंच हवं, त्यावर सोनेरी नक्षी हवी, ती विकत मिळते, ती चिकटवून वर व्हार्निश मारावं, असं त्यांचं मत. घरगुती मशीनबाबत मी त्यांच्या बाजूनं आहे. ज्या घरातलं मशीन अजून मूळ नक्षीसकट शाबूत आहे, त्यांनी त्याला हात लावू नये. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायलासुद्धा जाऊ नये, कारण जुन्या सिंगरच्या नक्षीवरचा लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो आणि एका पुसण्यात शंभर वर्षांचं सोनं फडक्यावर येतं. पण कारखान्याचं हेड ही वेगळी जात. त्याचं ओतकाम खडबडीत. ते दिवाणखान्यात ठेवायला कधी केलेलंच नव्हतं. चकचकीत काळा रंग त्यावर मारला की वाळूच्या साच्यातला कणन् कण उठून दिसतो, आणि मग पुट्टी भरा, घासा, पुन्हा भरा, असा उन्हाळा निघतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मशीन बनवणाऱ्यांनी ठिकठिकाणी हॅमरटोनकडे मोर्चा वळवला तो काही सौंदर्यदृष्टीनं नाही. ओतकाम घासायचा खर्च वाचत होता आणि कारागिराच्या डोळ्यांवर दिव्याची तिरीप येत नव्हती. थोडक्यात, आधीच खडबडीत असलेल्या वस्तूला मुद्दाम खडबडीत रंग द्यायचा, म्हणजे पहिला खडबडीतपणा ठरवून केल्यासारखा वाटतो. आमच्या ओळखीतले काही लोक स्वभावाच्या बाबतीत हीच पद्धत वापरतात.

खरवडतानाची एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत काय असेल ते असेल. तेव्हा कोरडं घासायचं नाही, वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायचं, तोंडावर मास्क ठेवायचा आणि नातवंडांना लांब पिटाळायचं. मेहुण्यानं हे सगळं काटेकोर केलं. मास्क लावल्यामुळे त्याला क्लाइडबँकची माहिती देता येईना, हा घरच्यांचा फायदा वेगळाच.

मग रंग आणायला आम्ही रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो.

"हॅमरटोन? किती लागेल, वीस लिटर?"

"अर्धा लिटर."

दुकानदारानं आम्हाला नीट पाहून घेतलं. "एअर ड्राइंग की स्टोव्हिंग?"

स्टोव्हिंग म्हणजे भट्टीत भाजून वाळवायचा. कपाटं बनवणारे वापरतात तो. मेहुण्याच्या चेहऱ्यावर क्षणभर घरातल्या केकच्या ओव्हनचा विचार येऊन गेला, तो मला दिसला. मी घाईनं म्हणालो, "एअर ड्राइंग."

"कशाला मारायचाय?"

"शिलाई मशीनला."

"पावडर कोटिंग करून घ्या ना. भोसरीत टाका, दुसऱ्या दिवशी मिळेल. हॅमरटोनमध्येपण येतं."

सल्ला चुकीचा नव्हता. पण पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. त्यात घालायचं तर हेडमधली झाडून सगळी शाफ्टं, बुशा, पिना बाहेर काढायला हव्यात. आणि मेहुण्याला काम झालेलं नको होतं, करायचं होतं. हा फरक दुकानदाराला समजावणं अवघड होतं. त्यानं अर्धा लिटरचा डबा ठेवला, या रंगाचा थिनर वेगळा असतो म्हणून तोही ठेवला, आणि जाता जाता म्हणाला, "ब्रशनं मारू नका. गन आणा."

गन कुणाकडे असते? गाड्या रंगवणाऱ्याकडे. आमच्या ओळखीचा एक आहे, अतिशय मदतीचा माणूस. रात्री बाराला फोन केला तरी येईल. त्याच्याकडे जाऊन मेहुण्यानं गन मागितली. त्यानं हसत हसत गन काढली, पुसली, हातात देता देता विचारलं, "मारणार काय?"

"हॅमरटोन."

गन परत आत गेली. हसणंही तिच्याबरोबर गेलं. "दादा, पाहिजे तर मोटारसायकल न्या. बायको माहेरी गेलीय, घर वापरा. हॅमरटोन माझ्या गनमध्ये नाही."

त्याचं बरोबर होतं, आणि तेच या रंगाचं गुपित आहे. हॅमरटोनमध्ये किंचित सिलिकॉन घातलेलं असतं. गाड्या रंगवणाऱ्याच्या जगात सिलिकॉनइतका मोठा वैरी नाही. कुणी डॅशबोर्डला सिलिकॉनचं पॉलिश मारलं आणि त्याचा अंश पत्र्यावर राहिला, तर नव्या रंगाला गोल गोल खड्डे पडतात आणि ती गाडी पुन्हा घासावी लागते. गनमध्ये एक थेंब उरला तर पुढच्या कितीतरी गाड्या बिघडतात. म्हणजे गॅरेजमध्ये ज्या कारणासाठी पोराला शिव्या बसतात, तेच कारण डब्यात भरून, झाकण लावून, वर लेबल चिकटवून विकलं की हॅमरटोन होतो. दोष तोच; एकीकडे गिऱ्हाईक पैसे बुडवतं, दुसरीकडे जास्त देतं.

यामागचं शास्त्र मला मेहुण्यापेक्षा मिसळीनं लवकर कळलं. तर्रीचा कट वाटीत ओतला की वरचं तेल सलग पसरत नाही. थेंब थेंब होतं, एकमेकांना ढकलतं, मध्ये वाटा राहतात. रंगात असंच होतं. भराभर उडणारा थिनर वर येतो, त्याच्याबरोबर रंग खालून वर आणि वरून खाली फिरायला लागतो, आणि पृष्ठभागावर लहान लहान घरं तयार होतात. बेनार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०० च्या सुमारास पातळ द्रवाचा थर तापवून अशीच घरं दाखवली होती. सिलिकॉन या घरांची भांडणं वाढवतं. रंगात ॲल्युमिनियमचा चुरा असतो. त्याचे कण घराच्या मध्यभागी आडवे झोपून चमकतात, कडेला उभे राहून काळवंडतात. डोळ्याला वाटतं, ठोकलंय. थर जाड मारला तर घरं मोठी, पातळ मारला तर बारीक.

मेहुण्यानं शेवटी स्वतःची गन विकत घेतली. हेडपेक्षा ती महाग पडली, पण हा हिशेब वहिनींच्या हाती लागलेला नाही. हा अंकही त्यांच्या हाती लागू नये अशी संपादकांना विनंती आहे.

हेड सुटं करण्याबद्दल लिहीत बसलो तर लेख संपणार नाही. सिंगरनं आपल्या स्क्रूंचे आटेसुद्धा स्वतःचेच ठेवले होते. बाजारातला कुठलाही स्क्रू त्यात बसत नाही, त्यामुळे एक हरवला की पुन्हा जुना बाजार. चाकाच्या आत तीन कानांची एक चकती असते. ती दोन्ही बाजूंनी बसते आणि दोनांतल्या एकाच बाजूनं चालते. उलटी बसली तर बॉबिन भरताना सुई थांबत नाही. एवढी बुद्धी खर्च केलेल्या यंत्रात हा खोडसाळपणा कुणी ठेवला असेल, हे कोडं मेहुणा टूलरूमच्या अनुभवावरून असं सोडवतो: "ड्रॉइंगवाल्यानं जेवायच्या सुट्टीत काढलं."

रंगाचा कार्यक्रम सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला. सुईच्या दांडीला, बुशांना, नंबराच्या पट्टीला टेप. तेलाच्या प्रत्येक भोकात आगकाडी. हेड आडवं ठेवलेलं, कारण उभ्या बाजूवर हा रंग जाड मारला की ओघळतो. सुट्टीचा दिवस असल्यानं प्रेक्षक भरपूर. पुण्यात पार्किंगमध्ये कुणी गन घेऊन उभं राहिलं की आधी सेक्रेटरी येतात, मग ज्यांच्या गाड्या जवळ आहेत ते येतात, मग ज्यांच्याकडे गाडीच नाही ते येतात आणि सगळ्यांत जास्त वेळ थांबतात.

मेहुण्यानं भरपूर थर मारला. ओला रंग सपाट, राखाडी, आरशासारखा बसला. गर्दीतून दाद आली. "वा! फिनिश काय आलंय!" सेक्रेटरींनी लिफ्टच्या दारालाही हाच द्यावा असं सुचवलं.

मग मिनिटभरात पहिला ठिपका उमटला. शेजारी दुसरा. बघता बघता सगळं हेड ठिपक्यांनी भरलं, ठिपके पसरले, त्यांना कडा आल्या, कडा एकमेकींना भिडल्या. मी आजवर पाहिलेल्या रंगकामातला हा सगळ्यांत देखणा क्षण होता. मेहुण्याचे डोळे भरून आले होते. त्यात थिनरचा वाटा किती, ते सांगता येणार नाही.

गर्दीत मात्र शांतता पसरली.

"फोड आले की हो," जोशीकाकू म्हणाल्या.

"रंग फुटला."

"दमट हवा. मी म्हणणारच होतो."

"प्रायमर लोकल असेल."

"पावती आहे ना? डबा परत करा."

मेहुणा ओरडून सांगत होता, की असंच येतं, असंच यायला हवं, याचं नावच ते आहे. जितकं तो सांगे तितकं लोकांना त्याचं वाईट वाटे. मास्कमुळे अर्धे शब्द कळत नव्हते. वॉचमन जवळ आला, हळूच म्हणाला, "साहेब, टेन्शन नका घेऊ. वाळला की मी घासून देतो." खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरातला उरलेला ऑइलपेंटचा डबा आणून दारात ठेवला. रंग खिडकीच्या गजांचाच होता, हिरवा.

रंग पुरता कडक व्हायला बरेच दिवस लागतात. त्या काळात येणारा जाणारा प्रत्येक माणूस नखानं तो वाळलाय का ते तपासतो, आणि हॅमरटोनला टच-अप होत नाही. ठिगळाची घरं वेगळ्या आकाराची येतात, कितीही कौशल्य लावा. मेहुण्यानं हेडशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायला सुरुवात केली.

जोडणी झाली, जुनं टेबल आणि मोटर मिळाली, आणि खरा परीक्षक आला: कोपऱ्यावरचे टेलरमामा. आयुष्य मशीनवर गेलेलं. मेहुण्यानं हेडवरचं फडकं काढलं आणि बाजूला उभा राहिला. मामांनी रंगाकडे पाहिलंच नाही. चाक हातानं एक फेरा फिरवलं, कान लावला. दातरीवरून बोट फिरवलं. चिंधी मागितली, दुपदरी केली, एक सरळ शिलाई मारली, चिंधी उलटी केली आणि खिडकीशी नेऊन पाहिली.

"खालचा धागा ढिला आहे. बॉबिन केसचा स्क्रू पाव फेरा आवळा. बाकी टाका एक नंबर."

"आणि रंग?" मेहुण्याला राहवेना.

मामांनी आता हेडकडे पाहिलं. बोट फिरवलं. "दसऱ्याला पूजा केली की कुंकू बसेल यात. निघायचं नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "पण तेलकट हाताचे डाग दिसणार नाहीत. चांगला आहे."

ते मशीन आता दिवाणखान्यात आहे आणि खिडकीचे पडदे त्यावर शिवून झालेत. शिवले टेलरमामांनीच, इथं येऊन, कारण त्यांच्या दुकानातल्या जुकीपेक्षा याचा टाका त्यांना आवडला. उरलेल्या पडद्याच्या कापडाचं वहिनींनी मशीनला कव्हर शिवून घेतलं आहे, गळ्यापासून तळापर्यंत, झालर लावून. त्यामुळे रंग बघायचा असेल तर आधी फोन करून जावं.

कुणाच्या माळ्यावर असं एखादं हेड पडलेलं असेल आणि हात शिवशिवत असतील, तर एवढं ऐका. तेलाची भोकं बंद करा. जुना रंग ओला घासा. हेड आडवं ठेवा आणि थर मारताना कंजुषी करू नका. प्रेक्षक शक्यतो बोलावू नका. गन उसनी आणणार असाल, तर तिच्यातून काय मारणार ते मालकाला आधी सांगा. त्यानं नाही म्हटलं तर आमच्या मेहुण्याकडे एक आहे. तो कुणालाही द्यायला तयार असतो, फक्त आजवर कुणी न्यायला आलेलं नाही.